आजीच्या गुडघ्यांनी आखलेलं स्वित्झर्लंड

नकाशावर स्वित्झर्लंड एवढंसं दिसतं आणि घोळ तिथूनच सुरू होतो. झुरिक, ल्यूसर्न, टिटलिस, इंटरलाकेन, युंगफ्राउयोख, झेरमाट, जिनिव्हा ही सगळी नावं आठ दिवसांत आरामात बसतात, पण ती कागदावर. बरोबर पंचाहत्तरीचे आजोबा, गुडघे कुरकुरणारी आजी, नऊ वर्षांची नात आणि चार वर्षांचा नातू असले की किलोमीटर आणि तास मोजून काही कळत नाही. तिथे मोजायचे ते चढउतार. गाडीतून उतरणं, फलाट बदलणं, सगळी डोकी मोजून परत चढवणं, हा एक चढउतार. आमच्यासारख्या सहा जणांच्या कुटुंबाला दिवसाला जाऊन-येऊन सहा चढउतार झेपतात. सातवा आला की आजीचा चेहरा उतरतो आणि नातू फलाटावर बसकण मारतो. पुढचं सगळं नियोजन या एका आकड्यावर बेतलेलं आहे.

पहिला प्रश्न महिन्याचा. आपल्याकडे शाळांना सुट्टी लागते एप्रिलच्या उत्तरार्धात आणि जूनच्या मध्यावर शाळा उघडतात. नेमक्या एप्रिल-मेमध्ये तिकडच्या बऱ्याच केबलकार वार्षिक देखभालीसाठी काही दिवस ते काही आठवडे बंद असतात, सरोवरातल्या बोटींचं वेळापत्रक अपुरं असतं आणि उंचावरच्या पायवाटांवर बर्फ असतो. मेच्या सुरुवातीला गेलेली कुटुंबं पैसे तेवढेच मोजतात आणि निम्म्या गोष्टी बंद दाराबाहेरून बघून येतात. मेचा शेवटचा आठवडा ते १० जून हा सगळ्यांत किफायतशीर तुकडा. शाळेचे पहिले दोन-चार दिवस बुडवायची तयारी असेल तर जून आणखी चांगला. ज्या केबलकारसाठी जीव टाकताय तिच्या देखभालीच्या तारखा तिच्या अधिकृत संकेतस्थळावर आधी बघाव्यात, हॉटेल त्यानंतर.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. पण मे-जूनच्या प्रवासासाठी एप्रिलमध्ये अपॉइंटमेंट शोधणं म्हणजे गणपतीच्या आदल्या रात्री कोकण रेल्वेचं तिकीट शोधणं. फेब्रुवारी-मार्चमध्येच काम उरकावं. जून २०२४ पासून शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वयाच्या मुलांना ४५ युरो आहे आणि सहा वर्षांखालच्यांना माफ. अर्ज घेणाऱ्या केंद्राचा सेवाआकार वेगळा. व्हिसा नाकारला तर शुल्क परत मिळत नाही. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला हवा. आजी-आजोबांचे पासपोर्ट हटकून इथे अडकतात. एकदा काशी-नेपाळच्या उत्साहात काढून ठेवलेले असतात आणि मुदत संपत आलेली असते.

नावांचा गुंता हा खास आपला. आजीचं माहेरचं नाव वेगळं, लग्नात बदललेलं नाव वेगळं, मधलं नाव कधी वडिलांचं तर कधी नवऱ्याचं. खर्च मुलगा करणार असेल तर मुलाचं प्रायोजकत्वाचं पत्र, त्याची बँकेची आणि आयकराची कागदपत्रं आणि नात्याचा पुरावा लागतो. हा पुरावा शोधायला जन्मदाखल्यापर्यंत जायची गरज बहुतेक वेळा पडत नाही, कारण भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आई-वडिलांची नावं असतात. मुलाच्या पासपोर्टवर छापलेलं आईचं नाव आणि आजीच्या पासपोर्टवरचं तिचं स्वतःचं नाव अक्षरशः जुळतंय का, हे सगळ्यांत आधी तपासावं. जुळत नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र जोडावं. विमानाच्या तिकिटावर नाव पासपोर्टवर आहे तसंच घालायचं. घरात सगळे ज्या नावाने हाक मारतात ते तिकिटावर टाकून चालत नाही, आणि हा घोळ घालणारे आपण एकटे नसतो.

बोटांचे ठसे बारा वर्षांखालच्या मुलांचे घेत नाहीत. आजीचे घेतात, आणि आयुष्यभर भांडी घासून, पीठ मळून झिजलेली बोटं यंत्राला सहजी पटत नाहीत. आधारच्या वेळचा अनुभव असेलच. आधीचे तीन-चार दिवस रात्री बोटांना क्रीम चोळून ठेवलं तर ठसे बरे उमटतात. मुलांच्या अर्जावर आई आणि वडील दोघांच्याही सह्या लागतात. त्यातला एक जण कामासाठी परगावी असेल तर सही आधीच घेऊन ठेवा.

विमा हा व्हिसाचा भाग आहेच. किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं. पण तो आकडा भरला म्हणजे आजोबांचा विमा झाला असं नाही. स्वस्त पॉलिसीत आधीपासूनचे आजार, म्हणजे रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, एक तर पूर्ण वगळलेले असतात किंवा जीव धोक्यात असेल तेवढ्यापुरतेच धरलेले असतात. मुलांसाठी साधी पॉलिसी पुरते. आजी-आजोबांसाठी वेगळी, आधीचे आजार स्पष्ट लिहून घेतलेली पॉलिसी काढावी. अर्जात साखर लपवून हप्ता वाचवणं महागात पडतं, कारण दावा करताना रुग्णालयाचे कागद सगळं सांगतात.

औषधं स्वतःपुरती आणि महिनाभर पुरतील एवढीच नेता येतात. डॉक्टरांची चिठ्ठी ब्रँडच्या नावासोबत मूळ औषधाचं नाव लिहून घ्या, कारण आपल्याकडचा ब्रँड तिकडच्या औषधविक्रेत्याला ठाऊक नसतो. प्रतिजैविकं तिकडे चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. सगळी औषधं हातातल्या बॅगेत. इन्शुलिन सामानाच्या बॅगेत तर मुळीच नाही, तिथे ते गोठू शकतं. उन्हाळ्यात स्वित्झर्लंड आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. दिवसातून एकदा घ्यायच्या गोळीला या फरकाने सहसा काही होत नाही, पण इन्शुलिनचं वेळापत्रक निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. विमानात बसल्यावर "आता जेवणाआधीचं इंजेक्शन कोणत्या वेळेला?" ही चर्चा नको.

खाण्याच्या पिशवीबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे भावना गुंतलेल्या असतात. युरोपबाहेरून स्वित्झर्लंडमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे पेढे, खवा, पनीर, साजूक तुपाची बरणी, सगळं घरीच. ताज्या पालेभाज्या आणि फळांवरही निर्बंध आहेत, त्यामुळे कढीपत्त्याच्या काड्या आणि लिंबं वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायची नाहीत. चालतं ते कोरडं: पोहे, रवा, थालीपीठाची भाजणी, मेतकूट, साबुदाणा, शेंगदाण्याचं कूट, लसणाची चटणी, पापड, मुगाची डाळ. लोणचं दुहेरी पिशवीत आणि सामानाच्या बॅगेत, नाहीतर सुरक्षा तपासणीत तेलाला द्रवपदार्थ ठरवून काढून घेतात. आखाती मार्गाने जाणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: संयुक्त अरब अमिरातीत खसखस हा बंदी घातलेला पदार्थ आहे आणि अनेक घरच्या गोड्या मसाल्यांत खसखस असते. दुबईवरून जात असाल तर मसाला खसखशीविना करून घ्या.

मुंबईहून झुरिकचं थेट विमान साधारण नऊ तासांचं. गल्फमार्गे तिकीट स्वस्त पडतं, पण मध्ये अपरात्री विमान बदलावं लागतं, आणि आपल्या हिशेबात तो एक चढउतार नाही, चार आहेत. आजी-आजोबा असताना थेट विमानाचे जास्तीचे पैसे आम्ही डोळे मिटून द्यायला सांगतो. व्हीलचेअर तिकीट काढतानाच आणि कमीत कमी ४८ तास आधी मागायची. तिचे तीन प्रकार आहेत आणि ते संकेताक्षरांनी नोंदवतात: 'आर' म्हणजे लांब चालवत नाही पण जिना चढता येतो, 'एस' म्हणजे जिनाही चढवत नाही, 'सी' म्हणजे थेट आसनापर्यंत उचलून न्यावं लागतं. गुडघेदुखीच्या आजीला बहुतेक जण 'आर' लिहून देतात. मग विमान लांब उभं राहिलं आणि शिडीने चढायची वेळ आली की पंचाईत. जिना जमत नसेल तर स्पष्टपणे 'एस' नोंदवा. व्हीलचेअरसोबत एकाच सोबत्याला सोडतात, बाकीचे वेगळ्या रांगेत जातात. म्हणून प्रत्येकाचा पासपोर्ट प्रत्येकाच्या गळ्यातल्या पाकिटात हवा, सगळे पासपोर्ट बाबांच्या पिशवीत नकोत.

झुरिकला उतरल्यावर रांगेत उभं राहण्याआधी सगळ्यांनी स्वच्छतागृहात जाऊन यायचं. शेंगेन देशांत १२ ऑक्टोबर २०२५ पासून नवी प्रवेश-निर्गमन नोंदणी सुरू झाली आहे. पहिल्या वेळी चेहऱ्याचा फोटो आणि बारा वर्षांवरच्यांचे ठसे घेतात, त्यामुळे रांग हळू सरकते.

आता मुक्काम. आठ दिवसांसाठी एकच गाव, फार तर दोन. आमची निवड इंटरलाकेन. ते ५७० मीटरवर आहे, सपाट आहे, दोन सरोवरांच्या मधोमध आहे. वेंगेन किंवा म्युरेन ही वरची गावं फोटोत जास्त देखणी दिसतात, पण तिथे मोटारी जात नाहीत आणि रोज खाली उतरण्यातच दोन-तीन चढउतार खर्ची पडतात. तरुण जोडप्याने जरूर राहावं. घर भाड्याने घेताना चार गोष्टी लेखी विचाराव्यात. लिफ्ट आहे का, आणि ती रस्त्याच्या पातळीपासून सुरू होते का? अनेक जुन्या इमारतींत लिफ्टपर्यंत पोचायलाच सात-आठ पायऱ्या असतात. न्हाणीघरात शॉवरची सपाट जागा आहे की टब? टबच्या उंच काठावरून पाय टाकताना घसरणं हे आजी-आजोबांच्या सहलीतलं सगळ्यांत मोठं संकट, ते टाळण्यासाठी एखादं सुंदर घर सोडावं लागलं तरी चालेल. खोल्यांना पंखा आहे का? एसी क्वचितच असतो. आणि स्टेशन पायी किती मिनिटांवर? घरमालक पाच म्हणाला तर आजीची दहा धरा. एक प्लास्टिकचा मग घरूनच न्यावा. हाताशी फवारा तिकडे नसतो आणि मग विकत घ्यायला कुठे जायचं हे पहिल्या संध्याकाळी कोणालाच सुचत नाही.

चार्जरचं सांगून ठेवतो. स्विस भिंतीतलं सॉकेट षट्कोनी आणि खोलगट असतं. फोनच्या चार्जरची बारीक दोन पिनांची टोकं त्यात जातात. आपला तीन जाड पिनांचा कुकर किंवा किटलीचा प्लग जात नाही, आणि बाजारात 'युरोप' म्हणून मिळणारे गोल बुडाचे अडॅप्टरही त्या खोबणीत बसत नाहीत. स्वित्झर्लंड असं छापलेलाच घ्या. विजेचा दाब २३० व्होल्ट, म्हणजे आपल्यासारखाच.

तिकिटांत सगळ्यांत जास्त पैसे आणि सगळ्यांत जास्त गैरसमज. स्विस ट्रॅव्हल पास ३, ४, ६, ८ किंवा १५ सलग दिवसांचा मिळतो. २०२५ मध्ये आठ दिवसांचा दुसऱ्या वर्गाचा पास मोठ्यांना ४१९ फ्रँक होता. त्यात रेल्वे, बस, बोटी, शहरांतल्या ट्राम आणि पाचशेहून जास्त संग्रहालयं येतात. ज्येष्ठांना सवलत नाही, हे ऐकून आजोबा दुखावतात, पण नाही. सहा ते सोळाच्या आतल्या मुलांना आई किंवा वडिलांपैकी एकाच्या पासबरोबर फुकट फॅमिली कार्ड मिळतं. ते पास घेतानाच मागावं लागतं, आपोआप येत नाही. सहाच्या आतलं मूल तसंही फुकट. यातली खाच अशी की त्या कार्डात पालक म्हणजे आई-वडीलच, आजी-आजोबा नाहीत. एखाद्या दिवशी आजोबा नऊ वर्षांच्या नातीला घेऊन बोटीने फिरून येतो म्हणाले, तर त्या दिवशी तिचं तिकीट वेगळं काढायचं. तपासनीस येतो आणि दंड मोठा असतो.

सगळ्यांना एकच पास घेण्याचा हट्टही करू नये. आठ दिवसांत आजी दोन दिवस घरीच थांबणार असेल, तर तिला महिनाभर चालणारं हाफ फेअर कार्ड, म्हणजे तिकिटं निम्म्या भाड्यात देणारं कार्ड, स्वस्त पडू शकतं. त्यात युंगफ्राउयोख या उंच डोंगरी स्टेशनाचं तिकीटही निम्म्यात येतं. ट्रॅव्हल पास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंतच फुकट चालतो, त्याच्या वर फक्त २५ टक्के सूट. प्रत्येकाचा आठ दिवसांचा प्रवास वहीत लिहून दोन्हीची बेरीज करायला एक संध्याकाळ लागते. ती घालवावी.

झुरिक विमानतळाखालीच रेल्वे स्टेशन आहे. इंटरलाकेनला जाताना सहसा बर्नला गाडी बदलायची. ल्यूसर्नवरून ब्रुनिग खिंडीतून जाणारा रस्ता देखणा आहे, पण रात्रभर जागून आलेल्यांना खिडकीतलं काही दिसत नाही. तो परतीच्या दिवसासाठी ठेवा. मायरिंगेनला ती गाडी दिशा बदलते आणि सगळे एकदम उलटे बसलेले असतात. गाडी चुकली की काय, असा गोंधळ करू नये.

स्विस रेल्वेच्या ॲपवर फलाट, फलाटाचा भाग (अ, ब, क, ड अशी अक्षरं वर टांगलेली असतात) आणि गाडी बदलायला किती मिनिटं आहेत हे सगळं दिसतं. ॲप बिनदिक्कत पाच मिनिटांची जोडणी सुचवतं. तिथल्या माणसाला ती पुरते. आजी, बाबागाडी आणि दोन बॅगा असतील तर ती सोडून द्यायची आणि पुढची धरायची. मुख्य मार्गांवर गाड्या बहुतेक अर्ध्या तासाने असतात, त्यामुळे गाडी सोडल्याचं दुःख चहाएवढंही टिकत नाही. ॲपमध्ये व्हीलचेअरचं चिन्ह असेल तर डब्यात पायरी न चढता शिरता येतं. दुमजली इंटरसिटी गाड्यांत वरच्या मजल्यावर मुलांसाठी घसरगुंडी असलेला डबा असतो. तो कुठे लागतो ते ॲपवरच्या गाडीच्या आकृतीत शोधून ठेवलं की लांबचा प्रवास नातवासाठी प्रवास राहत नाही. फक्त आजी-आजोबांना खाली बसवा. तो जिना अरुंद आणि चालत्या गाडीत हलतो.

इंटरलाकेनमध्ये दोन स्टेशनं आहेत, पूर्व म्हणजे ओस्ट आणि पश्चिम म्हणजे वेस्ट. ब्रिएन्झ सरोवराच्या बोटी ओस्टजवळून सुटतात, थून सरोवराच्या वेस्टजवळून. भल्या सकाळी उलट्या टोकाला जाऊन उभी राहिलेली भारतीय कुटुंबं तिथे रोजचीच. दुसरी ठरलेली चूक डोंगराकडे जाणाऱ्या गाडीत होते. ओस्टहून निघालेली गाडी त्स्वायल्युटशिनेन या छोट्या स्टेशनावर तुटते. एक तुकडा लाउटरब्रुनेनला जातो, दुसरा ग्रिंडेलवाल्डला. गाडी एकच दिसते म्हणून अर्धं कुटुंब पुढे आणि अर्धं मागे बसलं तर आजी एका दरीत आणि नातवंडं दुसऱ्या दरीत. डब्यावरच्या पाटीवर गंतव्य स्थान लिहिलेलं असतं. फलाटावर येताच ते वाचायचं आणि सगळ्यांनी एकाच डब्यात बसायचं, खिडकी मिळो न मिळो.

युंगफ्राउयोख. सगळ्यांना जायचं असतं आणि सगळ्यांनी जावंच असं नाही. युरोपातलं सर्वांत उंच रेल्वे स्टेशन, ३४५४ मीटर. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू तिसरा हिस्सा कमी. १८९६ ते १९१२ अशी सोळा वर्षं आयगर आणि म्योंख या डोंगरांचं पोट पोखरून हा बोगदा काढला आणि एका उद्योगपतीच्या त्या वेडाचं आज सगळ्या देशाला उत्पन्न मिळतंय. पूर्वी वर पोचायला दोन तासांहून जास्त लागत, तेवढ्यात शरीर थोडं सरावत असे. डिसेंबर २०२० पासून ग्रिंडेलवाल्ड टर्मिनलहून आयगर एक्स्प्रेस नावाची केबलकार १५ मिनिटांत आयगरग्लेचर या २३२० मीटरवरच्या स्टेशनावर नेते. म्हणजे पाव तासात जवळजवळ चौदाशे मीटर चढ. कानांना दडे बसतात. मुलांना चघळायला काहीतरी द्यावं आणि लहानग्याला पाणी पाजत राहावं.

चढउतारांच्या हिशेबात हा दिवस असा: ओस्ट ते ग्रिंडेलवाल्ड टर्मिनल रेल्वे, तिथून केबलकार, आयगरग्लेचरहून बोगद्यातली रेल्वे. जाताना तीन, येताना तीन. टर्मिनल हे ग्रिंडेलवाल्डच्या आधीचं स्टेशन आहे, नावात ग्रिंडेलवाल्ड ऐकून पुढे जाऊ नका. परतताना क्लाइनं शायडेक आणि वेंगेनवरून लाउटरब्रुनेनला उतरणारा फेरा माहितीपत्रकांत सगळीकडे छापलेला असतो. तो सुंदर आहे, पण वरून थकून आलेल्या आजीला तेवढा वेळ बसणंही जड जातं. आल्या वाटेने परत या. ज्यांना फेरा हवा त्यांनी दोन गट करावेत आणि फॅमिली कार्डाची अट आठवून मुलं आई-बाबांच्या गटात ठेवावीत.

तिकीट आठवडाभर आधी काढू नये. वर ढग असले म्हणून पैसे परत मिळत नाहीत. आदल्या संध्याकाळी हवामान बघा आणि सकाळी सहाला उठून वरचा थेट कॅमेरा बघा. साडेतीन तासांच्या फरकामुळे पहिले दोन-तीन दिवस घरातले सगळे पहाटे चारलाच टक्क जागे असतात, ते इथे कामाला येतं. सकाळच्या पहिल्या गाड्यांत गर्दी कमी असते आणि ढग बहुतेक दुपारनंतर जमतात. म्हणून हा दिवस मुक्कामाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठेवा, शेवटी नको. मधला एखादा दिवस पावसाने गेला तरी हाताशी दिवस उरतात.

वर गेल्यावर पहिली पंधरा मिनिटं बसून राहायचं. हे कोणी ऐकत नाही. मुलं बर्फाकडे धावतात, मागोमाग आजोबा धावतात आणि दहा मिनिटांत भिंतीला टेकतात. पाणी थोडं थोडं, खाणं हलकं. बर्फमहालाची जमीन खऱ्या बर्फाची आहे, आजीने कठडा धरूनच चालायचं, नाहीतर सरळ बाहेर बाकावर बसायचं. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं यावर गोळी शोधत बसू नये, पुढच्या गाडीने खाली यावं. खाली आलं की बरं वाटू लागतं. अलीकडे हृदयविकाराचा झटका आलेला असेल, दम लागत असेल किंवा रक्तदाब ताब्यात नसेल, तर आधी डॉक्टरांना नेमकी उंची सांगून विचारायचं. फार लहान, बोलता न येणाऱ्या बाळालाही तिथे नेऊ नये, त्याला काय होतंय ते सांगता येत नाही.

ज्यांनी वर जायचं नाही त्यांच्यासाठी इंटरलाकेनमधूनच दहा मिनिटांत हार्डर कुल्म गाठता येतं. १३२२ मीटर, दोरीने ओढली जाणारी रेल्वे आणि वर गेल्यावर आयगर, म्योंख, युंगफ्राउ हे तिन्ही डोंगर समोर. आजीला "तू खाली थांब" असं म्हणायचं नाही. "आम्ही त्या डोंगरावर जातो, तू समोरून आम्हाला बघ" असं म्हणावं.

आमच्या मते या वयाच्या गटासाठी खरा मोठा दिवस रिगीचा. ल्यूसर्नहून बोटीने साधारण तासाभरात फिट्झनाऊ, आणि बोटीच्या धक्क्यासमोरच दातेरी रुळांची रेल्वे. १८७१ साली सुरू झालेली ही युरोपातली पहिली डोंगरी रेल्वे. माथा १७९८ मीटर, त्यामुळे श्वासाचा त्रास नाही. बोट आणि रेल्वे दोन्ही ट्रॅव्हल पासात फुकट. वरच्या स्टेशनापासून माथ्यापर्यंत थोडा चढ आहे, तो नाही चढला तरी स्टेशनासमोरच्या बाकावरून सरोवरं दिसतात. इंटरलाकेनहून ल्यूसर्नला जाऊन-येऊन हे करायचं तर दिवस लांबतो, म्हणून आठातले दोन दिवस ल्यूसर्नला मुक्काम हलवलेला बरा. परतीच्या आदली रात्र सोडली तर तेवढी एकच हलवाहलवी.

ट्र्युमेलबाखचे धबधबे पहाडाच्या पोटात आहेत. डोंगरातल्या लिफ्टने वर नेतात, पण पुढे ओल्या पायऱ्या आहेत. चार वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत. आपला नातू चार पूर्ण आहे का, हे तिकिटाच्या खिडकीशी आठवू नका. आजीसाठी लाउटरब्रुनेनचा श्टाउबबाख बरा. २९७ मीटरवरून पडणारं पाणी गावातल्या सपाट रस्त्यावरून दिसतं, पाय ओले होत नाहीत.

खाण्याचं. रोज सकाळी घरी पोहे किंवा थालीपीठ, दुपारी डबा, संध्याकाळी डाळभात. बाहेर चौघांच्या साध्या जेवणात ज्या किमतीची चिडचिड होते, त्यात इंटरलाकेन ओस्टसमोरच्या कोऑपमधून दोन दिवसांचा बाजार येतो. हॉटेलांची स्वयंपाकघरं दुपारी दोनच्या सुमारास बंद होतात आणि सहापर्यंत उघडत नाहीत. साडेतीनला भूक लागलेल्या मुलाला घेऊन दारोदार फिरण्यापेक्षा पिशवीत दशमी असलेली बरी. दुकानं आठवड्याच्या दिवशी संध्याकाळी साडेसहा-सातला मिटतात, शनिवारी लवकर, आणि रविवारी मोठ्या स्टेशनांतली सोडली तर बहुतेक बंद. दूध-दही शनिवारी भरून ठेवा. शाकाहारींनी पाकिटावरचं पिवळं-हिरवं 'व्ही' चिन्ह बघावं. 'फ्लाइश' म्हणजे मांस आणि 'श्पेक' म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस. हे दुसरं बटाट्याच्या र्‍योष्टीत आणि सूपात न सांगता असतं. मुलांच्या रंगीत चिकट गोळ्यांत जिलेटिन असतं, आणि ग्र्युयेरसारख्या पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातलं, दूध गोठवणारं रेनेट. एकादशी पाळणाऱ्या आजीला हे आधी सांगा, नंतर कळलं तर सहल त्या एका तुकड्यावर येऊन थांबते. पाणी विकत घ्यायचं नाही. नळाचं आणि चौकातल्या कारंज्यांचं पाणी पिता येतं, फक्त 'काइन ट्रिंकवासर' अशी पाटी असेल तिथे नाही.

स्वच्छतागृहं मोठ्या स्टेशनांवर एक-दोन फ्रँक घेतात. गाडीतली फुकट असतात, त्यामुळे आजोबांना गाडी थांबायच्या दहा मिनिटं आधी आठवण करायची. सुटी नाणी आजीच्या बटव्यात राहू द्या. कार्डाने पैसे देताना यंत्र "फ्रँक की रुपये" असं विचारतं तेव्हा नेहमी फ्रँक. रुपये निवडले की दर त्यांचा लागतो.

प्रत्येकाच्या खिशात घराचा पत्ता, एका मोठ्याचा फोन नंबर आणि आजी-आजोबांच्या औषधांची यादी असलेला कागद असावा. रुग्णवाहिकेचा क्रमांक १४४, आणि काहीच आठवलं नाही तर ११२. चुकामूक झाली तर नियम एकच: जो हरवला त्याने हलायचं नाही. गाडीत राहून पुढे गेलेल्याने पुढच्या स्टेशनावर उतरून तिथेच थांबायचं, बाकीचे पुढच्या गाडीने येतात. हे पहिल्या दिवशी नातवापासून आजोबांपर्यंत सगळ्यांकडून वदवून घ्या. आजोबांना दोनदा, कारण ते परत येणारी गाडी पकडून निघतात.

परतीच्या आदल्या रात्री झुरिकमध्येच राहा. सकाळच्या विमानासाठी इंटरलाकेनहून पहाटे निघणं म्हणजे झोपलेली मुलं आणि सामान घेऊन अंधारात गाड्या बदलणं. मुंबईत उतरल्यावर व्हीलचेअर विमानाच्या दाराशी येईपर्यंत आजीला जागेवरून उठू देऊ नका. "थोडंच तर चालायचंय" म्हणून ती पुढे निघाली की नाव यादीतून गळतं, आणि मग दारापासून सामानाच्या पट्ट्यापर्यंतचा तो लांबलचक बोळ तिला पायीच चालावा लागतो.